माळवद गेलं, गारवाही गेला

बातमीसाठी माण, खटाव, आटपाडी, जतकडं फिरताना अजून एखादं माळवद दिसतं. लाकडी तुळया, वर फळ्या-काटक्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दुपारचं ऊन त्या थरातच मुरायचं, खोलीत यायला रात्र व्हायची.

पण ओझं जिवावर बेतायचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडी भिंती अन् माळवदांखाली माणसं गाडली गेली. गळतीचा त्रास वेगळाच. माळवद सोडून पत्रा, स्लॅब घातला, ते बरोबरच. मात्र ओझ्यासोबत ऊन अडवणारा थरही गेला. आता एप्रिलात पत्र्याखाली पंखा गरम हवाच फिरवतो, वर बिल वेगळं.

माझं म्हणणं, माती परत नको. पत्र्याखाली पोकळी सोडून हलकं छत मारा, स्लॅबला पांढरा चुना द्या. घरकुल किमान २५ चौरस मीटरचं हवं, हे सरकारनं ठरवलंय. त्यात दुपारी बसवेल का, हे ग्रामसभेत आपणच विचारू की!