क्षणप्रतिमा व माहितीसंचयाची प्रतिकृती

संगणकाच्या चकतीवरील फाइलींची विशिष्ट क्षणीची स्थिती, सर्व मजकूर न उतरविता, गोठवून ठेवण्याच्या पद्धतीस क्षणप्रतिमा (स्नॅपशॉट) म्हणतात. तिच्यापासून मिळणाऱ्या व स्वतंत्रपणे बदलता येणाऱ्या प्रतीस प्रतिकृती (क्लोन) ही संज्ञा आहे. वापरातील माहितीसंचयाला (डेटाबेसला) धक्का न लावता नव्या आज्ञावलींची चाचणी घेण्यासाठी तिचा उपयोग करतात.

तत्त्व : जुन्या खंडावर (ब्लॉकवर) पुन्हा न लिहिता नवा मजकूर रिकाम्या जागी लिहितात व केवळ निर्देशक बदलतात. जुना खंड क्षणप्रतिमेकडे राहतो. त्यामुळे प्रचंड संचयाचीही प्रतिकृती अल्पावधीत तयार होते आणि जेवढे खंड बदलतील जवळजवळ तेवढीच नवी जागा लागते.

इतिहास : रेमंड लोरी यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या छायापृष्ठ पद्धतीत या तत्त्वाचे बीज आढळते. नेटवर्क अप्लायन्स या अमेरिकन कंपनीच्या डेव्ह हिट्झ, जेम्स लाउ व मायकेल माल्कम यांनी १९९४ मध्ये ‘वॅफल’ फाइलव्यवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. तीतील क्षणप्रतिमा फक्त वाचता येत. चुकून पुसलेली फाइल परत मिळविणे हा त्यांचा एक मुख्य उपयोग होता. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक व मॅथ्यू एरन्स यांनी २००१ पासून विकसित केलेल्या ‘झेडएफएस’मध्ये प्रतिकृतीचीही सोय होती. तिची मूळ आज्ञावली २००५ मध्ये खुली झाल्यावर ही सोय अनेकांच्या आवाक्यात आली. लिनक्समध्ये ‘बीटीआरएफएस’चा समावेश २००९ मध्ये झाला.

सुसंगती : चालू संचयाची क्षणप्रतिमा त्या क्षणी वीज गेल्यासारखी असते, स्मृतीतील काही बदल चकतीवर पोहोचलेले नसतात. बदलाची नोंद प्रथम नोंदवहीत (लॉगमध्ये) करण्याच्या नियमामुळे संचय पूर्ववत करता येतो. सी. मोहन व त्यांचे आय.बी.एम.मधील सहकारी यांनी १९९२ मध्ये ‘एरीज’ या नावाने अशी पद्धती सविस्तर मांडली. मात्र माहिती व नोंदवही वेगवेगळ्या क्षणी टिपल्या गेल्यास प्रतिकृती विश्वासार्ह राहत नाही.

मर्यादा : मूळ संचय व प्रतिकृती यांचे खंड सामाईक असल्याने चकती बिघडल्यास दोन्ही नष्ट होतात, म्हणून प्रतिकृती ही राखीव प्रतीला पर्याय नव्हे. शिवाय तीत रुग्णांचे आजार, खातेदारांच्या रकमा असा खऱ्या व्यक्तींचा तपशील जसाच्या तसा येतो, आणि चाचणीच्या संगणकांवर पहारा बहुधा सैल असतो. असा तपशील आधी झाकणे आवश्यक असते. पण प्रतिकृतीत नावे बदलली, तरी मूळ नावे क्षणप्रतिमेत शिल्लक राहतात. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमामुळे या दक्षतेला कायदेशीर महत्त्वही आले आहे.