हरवलेली पुंगळी आणि काडतुसाचा दीडशे वर्षांचा हिशोब

कॉलेजात असताना एनसीसीच्या कॅम्पमध्ये फायरिंग होतं. पॉइंट टू टू रायफल, प्रत्येकी पाच गोळ्या. माझा नेम काय लागला ते विचारू नका. लक्षात राहिलं ते नंतरचं. सुभेदारसाहेबांनी रिकाम्या पुंगळ्या मोजल्या आणि एक कमी भरली. मग आम्ही सगळी पोरं भर उन्हात गवतात ओणवी. पाऊण तासाने करंगळीच्या पेराएवढी ती पितळी नळी सापडली, तेव्हाच जेवणाची शिट्टी वाजली. "साहेब, रिकामीच तर आहे," असं एकजण म्हणाला. साहेबांनी नुसतं बघितलं.

हे आठवायचं कारण म्हणजे परवा आपल्याच भागातल्या एका पोराचा मेसेज आला. "दादा, अमेरिकेत लोक घरच्या गॅरेजमध्ये रायफलच्या गोळ्या भरतात. वापरलेली पुंगळी परत भरायची, पैसे वाचतात. मशीन ऑनलाइन दिसतंय. मागवू का?"

मी आधी त्याला फोन करून "मागवू नकोस" सांगितलं. का ते नीट सांगायचं तर थोडा इतिहास सांगावा लागेल. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

सुरुवात शब्दापासून. 'काडतूस' आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आलं, 'पिस्तूल'सुद्धा. त्याआधी आपल्याकडे तोड्याची बंदूक होती. दारू वेगळी, शिशाची गोळी वेगळी, आणि ठासणारा हात आपला. म्हणजे प्रत्येक बार हा 'घरी भरलेला'च होता. कोकणात पिकाच्या राखणीसाठी परवान्यावर दिलेल्या ठासणीच्या बंदुका आजही आहेत. बंदूक भरणं ही वापरणाऱ्याचीच कला होती. कारखान्याची गोष्ट ती फार पुढे झाली.

मधला टप्पा कागदी काडतुसाचा. मोजलेली दारू आणि गोळी कागदाच्या पुडीत बांधलेली असायची. शिपायाने पुडी दाताने फाडायची, दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची. १८५७ची एन्फील्ड रायफल हीच. गोळी नळीत सरकावी म्हणून पुडीला चरबी लावलेली, आणि ती गाईची नि डुकराची आहे अशी बोलवा जानेवारीत कलकत्त्याजवळच्या डमडमहून सुटली. आपल्या पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे त्याच वर्षी दक्षिणेसाठी उत्तरेत निघाले होते. काडतुसांची ही कथा त्यांनी 'माझा प्रवास'मध्ये लिहून ठेवली आहे.

शाळेत न शिकवलेली गोष्ट पुढे आहे. बोलवा पसरल्यावर जानेवारीच्या अखेरीसच सरकारने हुकूम काढला की काडतुसं चरबीविना दिली जातील, आणि शिपायांनी त्यांना आपल्या पसंतीचं वंगण स्वतः लावावं. पुढे दाताऐवजी हाताने फाडायचीही मुभा दिली. म्हणजे काडतुसाचा शेवटचा हात शिपायाच्या हाती दिला. पण वेळ गेली होती. "आता सवलत देतात, म्हणजे आधी पाणी मुरत होतंच," असा अर्थ शिपायांनी लावला. एप्रिलमध्ये मेरठच्या ९० पैकी ८५ स्वारांनी काडतूस घ्यायला नकार दिला. त्यांना बेड्या ठोकल्या, आणि १० मेला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

काडतूस कुणी बनवलं, कशाचं बनवलं, ते माझ्या नजरेसमोर बनलं का, हा प्रश्न तेव्हा एवढा मोठा होता. उठाव फक्त काडतुसामुळे झाला असं मी म्हणत नाही. राज्यं खालसा होत होती, पगार-भत्त्यांची कुरकुर होती, जमिनीचे प्रश्न होते. पण ठिणगी याच पुडीची.

इंग्रजांनी यातून धडा घेतला. तोफखाना जवळजवळ सगळा गोऱ्यांच्या हाती ठेवला आणि देशी पलटणींना एक पिढी मागची हत्यारं दिली. १८६९ मध्ये आपल्या खडकीत दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. याच खडकीच्या माळावर ५ नोव्हेंबर १८१७ला पेशव्यांची फौज इंग्रजांशी लढली होती. बावन्न वर्षांत त्याच परिसरात काडतुसं तयार होऊ लागली, पण चाव्या सरकारकडे.

मग १८७८. लॉर्ड लिटनने एकाच वर्षात दोन कायदे आणले. एकाने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचं तोंड बांधलं, दुसऱ्याने हात. हा दुसरा म्हणजे हत्यारांचा कायदा. परवान्याशिवाय हत्यार नाही, दारूगोळा नाही. युरोपियनांना मात्र सूट. खरं दुखणं ते होतं. परवान्याची अट सगळ्यांना असती तर गोष्ट वेगळी. कातडीचा रंग बघून अट लावली, हा अपमान होता. म्हणून १८८७च्या मद्रास अधिवेशनापासून काँग्रेस या कायद्याविरुद्ध ठराव करत राहिली. अहिंसेचे पुजारी गांधीजीसुद्धा १९१८ मध्ये खेड्यात सैन्यभरतीसाठी फिरताना लिहितात की अख्ख्या देशाला निःशस्त्र करणं हे इंग्रजी राज्याचं सर्वांत काळं कृत्य ठरेल. १९३१च्या कराची ठरावात तर नियमांच्या चौकटीत हत्यार बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत होता.

आता अमेरिकेकडे जाऊ, कारण पोराचा प्रश्न तिकडचा आहे.

१८६०-७०च्या दशकात कागदी पुडी जाऊन पितळेची पुंगळी आली. काडतुसात सगळ्यांत महाग भाग पितळेचा, आणि बार उडाल्यावर तोच शिल्लक राहतो. तिकडच्या मैदानांवर रानरेडे मारणारे शिकारी गावापासून कित्येक दिवसांच्या अंतरावर असायचे. पुंगळी फेकणं त्यांना परवडणारं नव्हतं, म्हणून तळावरच पुन्हा भरायचे. गरजेतून सवय झाली आणि सवयीतून धंदा. दुसऱ्या महायुद्धात बाजारात गोळ्यांचा तुटवडा झाला आणि त्या काळात नि त्यानंतर कॅलिफोर्निया, नेब्रास्का अशा ठिकाणी गोळ्या भरण्याची साधनं, सुट्या गोळ्या बनवणाऱ्या छोट्या कंपन्या निघाल्या. आरसीबीएस १९४३ची, हॉर्नडी १९४९ची. आज पोरगं जे मशीन बघतंय ती याच परंपरेची.

यात एक गंमत आहे. पुंगळीच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी असते, तिच्या दोन पद्धती. एक हायरम बर्डन या अमेरिकनाची, दुसरी एडवर्ड बॉक्सर या इंग्रजाची. बॉक्सरची पुंगळी पुन्हा भरायला सोपी, बर्डनची किचकट. झालं उलटंच. इंग्रजाची पद्धत अमेरिकेत घरोघरी गेली आणि अमेरिकनाची युरोपच्या लष्करात रुळली. जिथे नागरिक भरणार तिथे सोपी, जिथे सरकार भरणार तिथे किचकट. असं कुणी ठरवून केलं नसेल, पण चित्र बोलकं आहे. आमच्या त्या पॉइंट टू टूची तर वेगळी टोपीच नसते. ठिणगीचा मसाला पुंगळीच्या कडेतच असतो, त्यामुळे ती पुन्हा भरण्याजोगी नसते. तरी आम्ही पाऊण तास शोधली. कारण प्रश्न पितळेचा नव्हता, हिशोबाचा होता.

मग स्वातंत्र्यानंतर आपण काय केलं? डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी हत्यार बाळगण्याचा हक्क घटनेत घालायची दुरुस्ती मांडली. कराचीचा ठराव त्यांच्या बाजूने होता. बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. असा हक्क सरसकट दिला तर चोर-दरोडेखोरही तोच दाखला देतील, असा त्यांचा रोख होता. दुरुस्ती पडली. १९५९ मध्ये नवा कायदा आला. वर्णाचा भेद गेला, परवाना राहिला.

आता त्या पोराने वाचायची ओळ. या कायद्यात 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्या आहे. तिच्यात फक्त भरलेली गोळी येत नाही. दारूगोळ्याचे सुटे भाग येतात आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे तू जे मशीन मागवणार आहेस, ते कायद्याच्या नजरेत स्वतःच दारूगोळा आहे, आत दारूचा कण नसला तरी. बनवायला वेगळा परवाना लागतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बनवण्याची शिक्षा किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. चारशे-पाचशे रुपये वाचवायच्या नादात घरच्यांना कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावू नकोस.

माझं मत विचाराल तर, मला बाबासाहेबांची बाजू पटते. दाट वस्तीत, पत्र्याच्या खोलीत, वरच्या मजल्यावर गॅस सिलेंडर असताना कुणी दारू मोजत बसावं असं मला वाटत नाही. पण दुसरी बाजूही आहे. रानडुकरांनी भात लोळवला की परवान्याची बंदूक असलेला कोकणातला शेतकरी हेलपाटे घालतो, आणि बिनपरवान्याचा गावठी कट्टा मात्र गल्लीत पोचतो. नियम पाळणाऱ्याला काच आणि मोडणाऱ्याला वाट, हे १८७८चंच भूत आहे. परवाना हवाच, पण तो देताना सरकारने नागरिकाकडे संशयिताच्या नजरेने बघू नये. कोडगूच्या लोकांना इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे, ती आजच्या सरकारनेही २०२९पर्यंत वाढवली. म्हणजे विश्वास ठेवता येतो.

आणि नेमबाजीचीच हौस असेल तर रेंजवर जा. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१०ला म्युनिकमध्ये जागतिक सुवर्ण मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये कांस्य आणलं. दोघंही पॉइंट टू टूवाले. म्हणजे ज्या गोळीची पुंगळी पुन्हा भरताच येत नाही, तिच्यावरच आपल्या जिल्ह्यांतल्या पोरांनी जग जिंकलं.

पोराने फोनवर विचारलं, "मग दादा, एवढा सगळा कायदा एका रिकाम्या नळीसाठी?" मी म्हटलं, एका कागदी पुडीवरून काय झालं ते आत्ताच सांगितलं ना.

ओळखीत कुणी असं मशीन मागवायच्या विचारात असेल तर त्याच्यापर्यंत ही पोस्ट पोचवा.