काकांची पद्मिनी आणि रंगाचे थर

ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी.

काकांची प्रीमियर पद्मिनी बरीच वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. कुर्ल्याच्या कारखान्यातली गाडी, मूळ इटालियन फियाट ११००. ती पुन्हा रस्त्यावर आणायचं मी मनावर घेतलं. पेंटर म्हणाला, "साहेब, जुना रंग सगळा खरवडू, टू-के मारू, वर क्लिअर कोट. आरशासारखी करून देतो." मी लगेच हो म्हटलं. दोन दिवसांनी काका गॅरेजला आले, तोवर डिकी आणि एक दरवाजा पत्र्यापर्यंत उघडा झाला होता.

"अरे, हिचा रंग कोणता होता ते तरी बघायचंस."

गाडी पांढरी होती की! पण काकांनी ती सेकंडहँड घेतली होती आणि घेतली तेव्हाही ती पांढरीच होती. त्याआधीचं कुणालाच माहीत नव्हतं. आणि पुरावा मीच खरवडून टाकत होतो. काम थांबवलं.

मग मी वाचायला बसलो. सुरुवातीच्या मोटारींना बग्गीसारखाच ब्रशने रंग आणि व्हार्निश लागायचं, थरावर थर, वाळायला कित्येक आठवडे. फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये आली तेव्हा ती लाल, हिरवी, करडी अशीही मिळायची. १९१४ पासून दहा-अकरा वर्षं फक्त काळी. म्हणजे आज कुणी १९१० ची मॉडेल टी काळी रंगवली तर तो इतिहास नाही, दंतकथा आहे.

खरी उडी १९२३ मध्ये. ड्युपाँट कंपनीने ड्युको नावाचा नायट्रोसेल्युलोज लॅकर बाजारात आणला. नायट्रोसेल्युलोज, म्हणजे स्फोटकांच्या घराण्यातलंच रसायन, आणि ड्युपाँटचा जुना धंदाही दारूगोळ्याचाच. जनरल मोटर्सने तो ओकलंड गाडीच्या १९२४ च्या मॉडेलवर वापरला, निळ्या रंगात. आठवड्यांचं काम तासांवर आलं आणि झटपट वाळणारे रंगीत पर्याय कारखान्याला परवडू लागले. आपल्याकडे सुतार आजही कपाटाला 'ड्युको करू का?' विचारतो, ते नाव इथून आलंय. पेंटरच्या तोंडचा 'एनसी' म्हणजेही नायट्रोसेल्युलोज. मी हे ऐकून पाच मिनिटं हसत होतो.

क्लिअर कोट सर्रास झाला तो १९८० च्या दशकात. त्याआधीच्या साध्या गाडीवर काचेसारखी खोल चमक आली की जाणकाराला लगेच खटकतं. कारखान्यात बारीक संत्र्याच्या सालीसारखा पोत राहायचा, कोपऱ्यात रंग पातळ पडायचा. अमेरिकेत कॉर्व्हेटच्या काही स्पर्धांमध्ये कारखान्यापेक्षा जास्त चांगलं काम केलं तर गुण कापतात. मला आधी हे खुळचट वाटलं. आता वाटत नाही.

मग शोध. रबर बीडिंगखाली, डॅशबोर्डच्या मागे, नंबर प्लेटच्या आड, जिथे ऊन आणि पेंटर दोघं पोचत नाहीत. ओला वॉटर पेपर घेऊन नाण्याएवढा गोल हळूहळू घासायचा. थर वर्तुळांसारखे उघडतात. मी दिवसभर गिट लॉग वाचणारा माणूस, हे तर पत्र्यावरचं गिट लॉग! सगळ्यात बाहेर पांढरा, मग लांबी, मग एक क्रीम, मग प्रायमर, आणि मधोमध फिकट हिरवा. त्याखाली फक्त प्रायमर आणि पत्रा.

एक फसगत टळली. अल्कीड इनॅमल अंधारात पिवळं पडतं, त्यामुळे लपलेला तुकडा नेहमी खरा नसतो. म्हणून घासलेली जागा आठवडाभर उन्हात ठेवली आणि मगच पेंटरसोबत शेड जुळवली. त्याने सहा वेळा मिसळली. सातव्यांदा काकांनी मान हलवली.

शेवटी टू-केच मारला. एनसी पुन्हा पुन्हा पॉलिश मागतो, आणि काकांना गाडी रोज चालवायची आहे. पण क्लिअर कोट नाही, आणि पोत जरा सालीसारखाच ठेवला. पेंटर कुरकुरला, "लोक म्हणतील नीट नाही केलं." टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, म्हणून त्याला रुमालाऐवजी हवा पुरवणारा मास्क लावायला लावला. तो तिथेही कुरकुरला.

ग्लोव्ह बॉक्सच्या मागचा तळहाताएवढा तुकडा मात्र कुणी रंगवला नाही. घरी पाहुणे आले की काका मोबाइलचा टॉर्च लावून आधी तोच दाखवतात.