वीरांमधला सूर्य

शिलाहारांची वंशावळ शिकवू लागलो की आमच्या वर्गातली मुले दुसऱ्या भोजापाशी रमतात. पन्हाळ्याचा राजा म्हणून तो त्यांच्या ओळखीचा. त्याच्या आजोबांचे नाव आले की मात्र खसखस पिकते. नाव गंडरादित्य! सीमेकडची, घरी कानडी बोलणारी मुले तर तोंडावर हात धरतात. कानडीत ‘गंड’ म्हणजे नवरा ना!

पण नावाची किल्ली या हसण्यातच आहे. ‘गंड’ म्हणजे मुळात पुरुष, मर्द, वीर. ‘गंडर’ म्हणजे वीरांचा. त्याला संस्कृत ‘आदित्य’ जोडला, की झाला वीरांमधला सूर्य. विजयनगरचे राजे ‘शब्द मोडणाऱ्या राजांचा गंड’ असे कानडी बिरूद मिरवीत, तो हाच. दहाव्या शतकात तमिळ देशीचा एक चोळ राजाही गंडरादित्यच होता.

राजा कोल्हापूरचा अन् नाव निम्मे कानडी, हे काहींना खुपते. खुपेना का! त्याच्या घराण्याचे लेख संस्कृतात आहेत तसेच कानडीतही आहेत, आणि त्यांतच महालक्ष्मीचा वरप्रसाद मोठ्या अभिमानाने सांगितलेला आहे.

शके १०३२ (इ. स. १११०) च्या ताम्रपटातली हकीकत मला विशेष आवडते. मिरजेच्या मुलखात इरुकुडी येथे या राजाने तळे खोदविले आणि काठी शिव, बुद्ध व अर्हत अशा तिघांची स्थापना केली. तळ्याचे नाव गंडसमुद्र. पाहा, नावातला सूर्य वगळला, गंड तेवढा ठेवला! त्याच्या निंबदेव नावाच्या सामंताने कोल्हापुरात जैन बसदी बांधली, तिला राजाच्या बिरुदावरून रूपनारायण म्हटले. जिनाच्या मंदिराला नारायणाचे नाव, आणि कोणाची हरकत नाही.

गंडरादित्याचा मुलगा विजयादित्य. एका पिढीतच कानडी निम्मे गळाले. विजयादित्याचा मुलगा तो भोज, इ. स. १२१२ च्या सुमारास यादव सिंघणाने त्याचा पराभव केला आणि घराण्याचे राज्यच संपले.

माझ्या हजेरीपटावर विजय आहेत, आदित्य तर तीन-तीन आहेत. गंडर मात्र एकही नाही.