चिखलातल्या पक्ष्यांची ओळख: बंदूक, दुर्बीण, कॅमेरा

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक यांपैकी कोणत्याही शहराच्या आसपास हिवाळ्यात नाल्याच्या तोंडाशी, खाडीच्या गाळात किंवा धरणाच्या ओसरलेल्या काठावर लांब पायांचे, लांब चोचीचे, करड्या-तपकिरी रंगाचे पक्षी चिखल टोकत फिरताना दिसतात. इंग्रजी पुस्तके त्यांना वेडर म्हणतात आणि मराठी पक्षीनिरीक्षकांच्या बोलण्यातही तोच शब्द रुळला आहे. टिटवी, शेकाट्या, चिखल्या, तुतारी, टिलवा, पाणलावा, पाणटिवळा ही सगळी याच गोतावळ्यातली मंडळी. टिटवी आणि शेकाट्या ओळखायला कोणाला पुस्तक लागत नाही. उरलेल्यांपैकी बहुतेक जण मध्य आशिया, सायबेरिया किंवा तिबेटच्या पठारावर वीण करून इथे हिवाळा काढायला येतात. विणीच्या काळातला त्यांचा तांबूस, काळा, सोनेरी साज बहुतांशी तिकडेच उतरतो आणि भारताच्या वाट्याला पाठीवर करडा, पोटाखाली पांढरा असा एकसारखा वेश येतो. त्यामुळे या पक्ष्यांना नावे कशी दिली गेली याचा इथला इतिहास हा रंगावर विसंबता न येणाऱ्या पक्ष्यांचा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात बंदुकीपासून होते.

एकोणिसाव्या शतकात पक्षी ओळखायचा म्हणजे तो मारून हातात घ्यायचा, चोच आणि पंख मोजायचे आणि कातडे भरून ठेवायचे, अशीच रीत होती. टी. सी. जर्डन यांचा भारतीय पक्ष्यांवरचा ग्रंथ १८६२ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झाला. १८७२ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक सुरू केले आणि जिल्ह्याजिल्ह्यांतले कलेक्टर, लष्करी अधिकारी, रेल्वेचे इंजिनियर त्यात याद्या पाठवू लागले. पश्चिम भारताच्या वाट्याला अशा दोन महत्त्वाच्या याद्या आल्या. डेव्हिडसन आणि वेंडन यांनी १८७८ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी दिली, आणि जी. डब्ल्यू. विडाल यांनी १८८० मध्ये दक्षिण कोकणच्या पक्ष्यांची. १८८५ मध्ये बार्न्स यांनी मुंबई इलाख्यातल्या पक्ष्यांसाठी स्वतंत्र हँडबुक काढले. या लेखनातली वर्णने हातातल्या पक्ष्याची आहेत. चोचीची लांबी, पंखाची लांबी, नखांचा रंग तिथे काटेकोर मिळतो. पक्षी चालतो कसा, उडताना ओरडतो कसा, याला मात्र एखाददुसरे वाक्य मिळाले तर मिळाले.

या रीतीचा सर्वांत पक्का नमुना म्हणजे पाणलावा. कापणीनंतरच्या ओल्या खाचरांत दडून बसणारा आणि पायाखालून अचानक वेडीवाकडी वळणे घेत उडणारा हा पक्षी साहेबांच्या शिकारीत मानाचा होता. ह्यूम आणि मार्शल यांनी १८७९ ते १८८१ या काळात काढलेल्या शिकारी पक्ष्यांच्या ग्रंथात त्याला मोठी जागा आहे. भारतात हिवाळ्यात येणाऱ्या पाणलाव्यांत दोन जाती प्रमुख आहेत, सामान्य पाणलावा आणि पिनटेल पाणलावा. जमिनीवर बसलेले असताना दोघांत फरक करणे फार कठीण. शेपटी पसरली की मात्र शंका राहत नाही. सामान्य पाणलाव्याच्या शेपटीत बहुधा १४ पिसे असतात आणि ती सगळी रुंद असतात. पिनटेलच्या शेपटीत २४ ते २८ पिसे असतात आणि कडेची कित्येक टाचणीसारखी अरुंद व ताठ असतात. शिकारी संध्याकाळी पिशवी रिकामी करताना शेपट्या पसरून पाहत आणि कोणत्या जातीचे किती मिळाले ते लिहून ठेवत. पक्षीशास्त्राचा एक बारीक प्रश्न इतक्या सहजपणे, जेवणाच्या आधी, सुटत असे. स्विनहोचा पाणलावा ही तिसरी जात शेपटीच्या पिसांच्या बाबतीत या दोघांच्या मधली. तिचे वर्णन रॉबर्ट स्विनहो यांनी १८६१ मध्ये केले. त्यांचे भाऊ कर्नल चार्ल्स स्विनहो हे पुढे मुंबईतल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक झाले.

ही सोसायटी १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे मराठी डॉक्टर होते. आणखी एक संस्थापक एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, म्हणजे ‘ईहा’ या नावाने लिहिणारे लेखक, मुंबई सरकारच्या जकात व मीठ खात्यात नोकरीला होते. खाराघोडा, उरण, रत्नागिरी, मुंबई अशा ठिकाणी त्यांच्या नेमणुका झाल्या. मीठ खात्याची नोकरी आणि किनाऱ्यावरचे पक्षी यांचा संबंध वाटतो त्याहून घट्ट आहे. मिठागरांच्या उथळ कोंड्या भरतीच्या वेळी चिखल पाण्याखाली गेलेल्या पक्ष्यांना टेकायला जागा देतात. खाडीवरचा पक्षी जवळून पाहायचा तर मिठागराचा बांध ही आजही उत्तम जागा आहे. एटकेन यांचे मुंबईच्या सामान्य पक्ष्यांवरचे पुस्तक १९०० मध्ये आले. मोजमापांचे कोष्टक बाजूला ठेवून पक्ष्याच्या स्वभावावरून आणि चालीवरून त्याच्याशी परिचय करून देण्याची त्यांची रीत होती. त्यात थट्टा भरपूर आहे, पण हातात न घेताही पक्षी कळू शकतो हा विश्वास तिथे पहिल्यांदा ठसठशीत दिसतो.

हा विश्वास खरा ठरायला चांगल्या काचा लागल्या. लोलक बसवलेली आधुनिक दुर्बीण झाइस कंपनीने १८९४ मध्ये विकायला काढली, तरी भारतातल्या निरीक्षकांच्या गळ्यात ती पडायला बरीच वर्षे गेली. अमेरिकेत रॉजर टोरी पीटरसन यांनी १९३४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत चित्रातल्या नेमक्या खुणेवर बाण दाखवण्याची युक्ती होती: पक्ष्याचे सगळे वर्णन वाचत बसू नका, एवढीच एक गोष्ट पाहा. मुंबईत साधारण त्याच काळात सालिम अली आणि हुमायून अब्दुलअली यांनी मुंबई व साष्टी बेटांवरच्या पक्ष्यांची मालिका सोसायटीच्या जर्नलमध्ये १९३६ ते १९३९ या वर्षांत लिहिली. शहर आणि त्याच्या उंबरठ्यावरची खाडी हेच तिचे क्षेत्र होते. सालिम अलींचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ १९४१ मध्ये आले. चिमणी, बुलबुल, मैना, कावळा अशा रोजच्या पक्ष्यांच्या मापाने अनोळखी पक्ष्याचा आकार सांगण्याची त्यातली पद्धत नवशिक्याला फार उपयोगाची ठरली. वेडरांच्या बाबतीत मात्र एवढ्याने भागत नाही. एकाच मापाच्या चार जाती एकाच डबक्यावर उभ्या असतात.

बंदूक बाजूला पडण्यामागे कायद्याचाही हात होता. मुंबई राज्याचा वन्य पशू व वन्य पक्षी संरक्षण कायदा १९५१ चा, आणि त्याच्या घडणीत अब्दुलअलींचा मोठा वाटा होता. स्वतः शिकारी असलेल्या माणसाने शिकारीवर मर्यादा घालणारा कायदा घडवावा, ही त्या पिढीची रीतच म्हणायची. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनी शिकारीचा परवाना जवळपास इतिहासजमा केला. पाणलाव्याची शेपटी पसरून पाहण्याची सोय त्याबरोबर गेली.

तिच्या जागी जे ज्ञान आले ते उडत्या, चालत्या आणि ओरडत्या पक्ष्याचे होते. तुतारीच्या तीन सामान्य जाती हे त्याचे चांगले उदाहरण. शहरातल्या कोणत्याही गटारी नाल्यावर त्या शेजारीशेजारी भेटू शकतात. सामान्य तुतारी सतत मागचा भाग वरखाली हलवत राहते, तिच्या खांद्यापुढे पोटाचा पांढरा रंग पाचरीसारखा वर शिरलेला असतो, आणि उडताना ती पाण्यालगत ताठ, खाली वाकवलेल्या पंखांनी थरथरत जाते. हिरवी तुतारी पाठीवर गडद असते. ती दचकून उडाली की पंखांखालचा काळपट रंग आणि शेपटीच्या बुडाशी लख्ख पांढरा पट्टा दिसतो. ठिपकेवाल्या तुतारीच्या पाठीवर फिके ठिपके दाट असतात, डोळ्यावरची पांढरी भुवई मागेपर्यंत जाते, पाय पिवळसर असतात आणि पंखांची खालची बाजू फिकी असते. तिन्हींची शिटी वेगळी. आवाज ओळखणारा निरीक्षक वर न पाहताच जात लिहून टाकतो, आणि शेजारचा नवशिका त्याच्याकडे संशयाने पाहतो.

टिलव्यांत अडचण आणखी बारीक. छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा या दोन्ही जातींचे शास्त्रीय वर्णन लाइस्लर यांनी १८१२ मध्येच केले होते. चिखलाने माखलेल्या पायांनी उभे राहिले की दोघे सारखेच. छोट्या टिलव्याचे पाय काळे, टेमिंकच्याचे पिवळट-हिरवे. पण पाय धुतल्याशिवाय हे कळायचे नाही. टेमिंकचा टिलवा उडाला की शेपटीच्या कडेची पांढरी पिसे दिसतात आणि तो किडा किरकिरावा तसा आवाज करतो. पाणटिवळ्याच्या दोन जातींतही उड्डाणच निर्णायक ठरते. काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याच्या पंखावर रुंद पांढरा पट्टा असतो, पट्टेरी शेपटीच्या जातीत तो नसतो.

वयाचा आणि ऋतूचा घोळ वेगळाच. वीण आटोपलेले प्रौढ पक्षी जुलैअखेरपासून परतू लागतात तेव्हा त्यांच्या अंगावर विणीच्या पिसांचे अवशेष असतात. त्यांच्या मागोमाग पहिल्या वर्षाची पिल्ले येतात. त्यांची पाठ नीटस, खवल्याखवल्यांची. ऑक्टोबरपर्यंत सगळे करडे होतात, आणि एप्रिलमध्ये परतण्याआधी काही जण पुन्हा रंग धरतात. कर्ल्यू सँडपायपर हा वेडर तेव्हा विटकरी लाल दिसतो, आणि हिवाळाभर त्याला पाहिलेला माणूसही क्षणभर थबकतो. जुन्या पुस्तकांत बहुधा विणीचा वेश आधी आणि हिवाळी वेश नंतर दिलेला असे, त्यामुळे भारतीय वाचकाला उपयोगाचा भाग शेवटी सापडे. हेमन, मर्चंट आणि प्रेटर यांच्या १९८६ च्या ‘शोअरबर्ड्स’ या पुस्तकाने प्रत्येक जातीचे प्रौढ, पिल्लू, हिवाळी आणि उडती अशी चित्रे एकत्र आणली. भारतीय उपखंडासाठी सालिम अली आणि रिप्ली यांच्या दहा खंडी हँडबुकचा दुसरा खंड १९६९ मध्येच आला होता. त्यात या पक्ष्यांची माहिती भरपूर, पण तो पाठीवर टाकून बांधावर चालण्यासारखा ग्रंथ नव्हे. ती गरज ग्रिमेट आणि इन्स्किप यांच्या १९९८ च्या पुस्तकापासून भागू लागली.

पक्षी हातात घेण्याची रीत पूर्णपणे मात्र गेली नाही. १९५९ पासून सोसायटीने पक्षी जाळ्यात धरून, पायात कडे घालून सोडण्याचे मोठे काम हाती घेतले. कड्यावर मुंबईच्या सोसायटीला कळवा, असा इंग्रजी मजकूर असे. वजन, पंखाची लांबी, वय ही सगळी मापे पुन्हा घेतली जाऊ लागली, या वेळी जिवंत पक्ष्याची. अलीकडे पायावर अंक-अक्षरांची रंगीत पट्टी बसवतात. ती दुरूनच वाचता येत असल्याने तो पक्षी पुन्हा पकडावा लागत नाही आणि एकाच पक्ष्याची हजेरी वेगवेगळ्या देशांतल्या चिखलांवर लागते.

पाहण्याच्या जागाही या काळात बदलल्या. धरणांनी दख्खनच्या पठारावर पक्ष्यांना नवे काठ दिले. गोदावरी-कादवा संगमावरचा नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. गाळ साचत जाऊन तिथे उथळ दलदल झाली, १९८६ मध्ये अभयारण्य झाले आणि पुढे पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर करारातली ती महाराष्ट्रातली पहिली पाणथळ ठरली. भीमेवरच्या उजनी धरणाचे पाणी हिवाळ्यानंतर ओसरते तेव्हा भिगवणजवळ मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो. पुण्याजवळ कवडीपाट इथे मुळा-मुठेच्या मैल्यावर पोसलेल्या किड्यांसाठी वेडर गर्दी करतात. स्वच्छ नदीवर इतके पक्षी दिसणार नाहीत, ही अडचणीची पण खरी गोष्ट. मुंबईत शिवडी-माहुलच्या चिखलावर १९९० च्या दशकात रोहित पक्षी मोठ्या संख्येने दिसू लागले आणि त्यांना पाहायला आलेल्या गर्दीला बाजूचे छोटे करडे पक्षीही दिसले. ठाणे खाडीचे रोहित अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये खाडी रामसर यादीत आली. पलीकडे उरणच्या पाणथळींवर बंदर आणि वसाहतींसाठी भराव पडत गेला, आणि जिथे भरतीच्या वेळी थवे उतरत त्यातल्या अनेक जागा संपल्या. २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू शिवडीच्या याच चिखलावरून जातो.

खाडीवर पाहणीचे वेळापत्रक घड्याळापेक्षा तिथीवर चालते. पूर्ण ओहोटीला चिखल इतका पसरतो की पक्षी नुसते ठिपके वाटतात. भरती चढू लागली की पाण्याच्या कडेबरोबर ते काठाकडे सरकतात. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला सगळा चिखल बुडाला, की मिठागरात जाऊन थांबलेले बरे.

१९८७ मध्ये भारतीय उपखंडात आशियाई पाणपक्षी गणना सुरू झाली आणि दर जानेवारीत हौशी लोक ठरावीक तलावांवर मोजायला उतरू लागले. मोजणीसाठी प्रत्येक थव्याला नाव हवे, म्हणून ओळखीची शिस्त सक्तीची झाली. डिजिटल कॅमेऱ्याने पुढचा बदल घडवला. उडत्या पक्ष्याचे दहा फोटो काढून घरी पंखांची खालची बाजू पाहता येते. पाणलावा पिसे साफ करताना शेपटी पसरतो, तो क्षण टिपून कडेची पिसे मोजणारे निरीक्षकही आता आहेत. ई-बर्डसारख्या सामायिक नोंदवहीत शंकास्पद नोंदीला पुरावा मागितला जातो.

याद्या पुन्हा बदलतही आहेत. मुंबईच्या चिखलावर हजारोंनी येणारा लेसर सँड प्लोव्हर हा चिखल्या अलीकडे सायबेरियन आणि तिबेटन अशा दोन जातींत विभागला गेला. विणीच्या वेशात कपाळाच्या आणि छातीच्या रंगरेषेवरून त्या वेगळ्या करता येतात, हिवाळ्यात मात्र भल्याभल्यांना जमत नाही. म्हणून नोंदवहीत दोन्ही नावांमध्ये तिरकी रेघ मारून एकत्र नोंद करण्याची सोय ठेवली आहे. पिनटेल आणि स्विनहोच्या पाणलाव्यांसाठीही तशीच जोडनोंद वापरली जाते.