ब्राउनसी बेटावरील सुट्टी

वाढत्या वयाच्या मुलांस उन्हाळ्याच्या सुट्टीत कोणत्या उद्योगास लावावे, हा प्रश्न इंग्लंडातील घरांतही होताच. १९०७ च्या ऑगस्टात सेनानी बेडन-पॉवेल यांनी पूल बंदरातील ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुले नेली. काही श्रीमंतांच्या शाळांतली, काही कामकऱ्यांच्या घरची. एरवी त्यांची गाठही पडती ना! त्यांच्या मिश्र टोळ्या करून प्रत्येक टोळीवर एकेक मुलगाच नायक नेमला. धाडसच ते, परंतु माफेकिंगच्या वेढ्यात (१८९९-१९००) पोरांनी निरोप पोचविलेले सेनानींनी पाहिले होते. पहाटे कुडू हरणाच्या शिंगाचा नाद होई. मग गाठी बांधणे, माग काढणे, रांधणे. १९०८ साली त्यांचे पुस्तक पाक्षिक भागांनी निघू लागले, आणि वडीलधाऱ्यांची वाट न पाहता मुलांनी गावोगाव आपल्या आपणच टोळ्या बांधल्या.