मानमोडीची साथ आणि ‘तापा’चा रकाना

आमच्या संग्राहकांचें लक्ष सनदा, महजर, निवाडे व कैफियती यांकडे सहज जातें. गांवकामगारांकडील जन्ममृत्यूचीं पुस्तकें, घरखर्चाच्या वह्या व दुकानांच्या कीर्दी यांची मात्र बहुधा रद्दींत गणना होते. या साधनांवांचून एका मोठ्या आपत्तीचा इतिहास अपुरा राहतो, हें आम्हांस येथें दाखवावयाचें आहे. ती आपत्ति म्हणजे शके १८४०, कालयुक्तनाम संवत्सरीं, इ. स. १९१८ सालीं आलेली इन्फ्ल्युएंझाची साथ. लोकांनीं तिला ‘मानमोडी’ म्हटलें.

मुंबईंत ही साथ प्रथम कामाच्या जागीं दिसली. १० जून १९१८ रोजीं गोदीवर पहाऱ्यास असलेले सात पोलीस शिपाई तापानें आजारी होऊन रुग्णालयांत गेले. पुढील पंधरवड्यांत जहाजकंपनी, बंदरखातें, बँक, तारऑफिस, टांकसाळ व कापडगिरणी येथील नोकर एकामागून एक आजारी पडले. हा क्रम शहराचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांच्या वृत्तांतांत नमूद आहे. ३ जुलै रोजीं मृत्यूंचा आंकडा २३० वर गेला व मग साथ ओसरली. सप्टेंबरांत ती अधिक उग्र होऊन परतली. ६ ऑक्टोबर रोजीं, म्हणजे नवरात्राच्या आरंभीं, एका दिवसांत ७६८ माणसें दगावलीं.

या दोन लाटांमध्यें सुमारें दोन महिन्यांची उसंत मिळाली होती. तिचा उपयोग कोणता झाला, हा खरा प्रश्न आहे. लोकांस व सरकारास ठाऊक असलेली सिद्धता १८९६ पासूनच्या प्लेगाची होती. घर सोडून माळावर झोपडी घालावी, घरांची झडती व धुलाई व्हावी, रोग्यास छावणींत न्यावें, हे तिचे प्रकार होत. प्लेग उंदरांच्या पिसवांनीं पसरतो, म्हणून घर सोडण्यानें लाभ होई. मानमोडी श्वासानें व खोकल्यानें माणसाकडून माणसाकडे जाई, आणि एक ते चार दिवसांत लक्षणें दिसत. दाटीची झोपडी व दाटीची खोली यांत तिला भेद नव्हता. रोगाचा विषाणु १९३३ सालीं हातीं लागला. १९१८ मधील लशी सूक्ष्म जंतूंविरुद्ध केलेल्या असल्यानें मूळ रोगावर त्यांचा इलाज नव्हता.

मग उरली ती साधी सिद्धता : मोकळी हवा, गर्दी टाळणें, आजाऱ्यास कामावरून वेळींच सुटी, आणि घरांत पाणी व पेज देण्यास एक तरी माणूस उभा असणें. साथीनें बळी घेतले ते विशेषेंकरून वीस ते चाळीस वयाचे, म्हणजे घर चालविणारेच. त्यांतच त्या वर्षीं पाऊस दगा देऊन इलाख्यांत धान्य महाग झालें होतें. मुंबईंत १९११ सालीं ना. म. जोशी यांनीं स्थापिलेली सोशल सर्व्हिस लीग व ज्ञातिसंस्था यांच्या स्वयंसेवकांनीं औषध व दूध घरोघर पोंचविलें, तेंच खरें औषध ठरलें.

ही साधी सिद्धताही सर्वांस सारखी साध्य नव्हती. मुंबईंत दर हजारीं मृत्यूंचें प्रमाण युरोपियनांत ८·३, पारशांत ९·०, इतर हिंदूंत १८·९, आणि सरकारी कागदांत ‘हलक्या जातीचे’ म्हणून मोजलेल्या हिंदूंत ६१·६ असें पडलें. रोग एकच, भेद खोलीचा, अन्नाचा व शुश्रूषेचा. साऱ्या हिंदुस्थानांत मृत्यूंचा अंदाज अभ्यासक १ कोटि २० लक्षांपासून १ कोटि ८० लक्षांपर्यंत करितात.

आतां खेड्यांकडे वळूं. खरवई हें गांव पूर्वीं कल्याण तालुक्यांत होतें. सांप्रत अंबरनाथ तालुक्यांत असून तेथें कारखान्यांची वसाहत आहे. जवळच बदलापूर स्टेशन. कल्याणाहून हा लोहमार्ग १८५६ सालीं आला व १८६३ सालीं बोरघाट चढून गेला. मुंबईच्या गिरणींतला आजारी मजूर अशाच मार्गानें घरीं परते, व त्याच्याबरोबर रोगही. ऐन भातकापणीच्या दिवसांत घरचे सगळे एकदम अंथरुणास खिळले, तर शेतांत पीक व माजघरांत रोगी, दोन्हीं निराधार होत.

खरवई, कुळगांव, कात्रप, बेलवली, मांजर्ली येथील जुन्या घरांतल्या कागदांकडे याच दृष्टीनें पाहिलें पाहिजे. मृत्यूच्या पुस्तकांत ‘इन्फ्ल्युएंझा’ शोधूं जाल, तर बहुतेक ठिकाणीं तो आढळणार नाहीं. हे मृत्यु बहुधा ‘ताप’ या रकान्यांत पडले आहेत. म्हणून १९१८ च्या सप्टेंबर ते डिसेंबरमधील ‘ताप’ मागील तीन वर्षांच्या त्याच महिन्यांशीं ताडून पाहावा. नोंदीच एकाएकीं थांबल्या असतील, तर लिहिणारा स्वतःच आजारी होता काय, तेंही तपासावें. शाळेची हजेरी, मजुरीचे चिठोरे, किराणा-औषधाचा खर्च यांचा मेळ तारखेवार घालावा. घरांत कोण उभें होतें, हें सनदेवरून कळत नाहीं; तें अशा वहींतल्या साबुदाण्याच्या एका आण्यावरून कळतें. म्हणून १९१८ सालची वही हातीं आल्यास ती रद्दींत घालूं नये.